परत आलेलं वाक्य

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. प्रशिक्षण केंद्रातल्या पहिल्याच सरावात शाबासकी मिळाली म्हणून पानभर नाचली आहेस, ते अक्षरावरूनच कळतं. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच माहिती आली, म्हणून तू छातीठोकपणे निष्कर्ष काढलास आणि शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या वर्गासमोर तुझं कौतुक केलं. वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी पत्र टेबलावर आपटलं आणि चहा गार होईपर्यंत भिंतीकडे बघत बसले. तुझ्यावर रागावले नाही गं. तुला शिकवणाऱ्यांवर रागावले, माझ्या ऑफिसवर रागावले आणि नंतर त्या गार चहावरही रागावले. सध्या माझं असंच चाललंय. परवा बसमध्ये एका माणसाने नुसतं पुढे सरका म्हटलं, तर मी त्याला कुठे सरकू ते दाखवा असं म्हणून भांडायला उभी राहिले.

घरचं सगळं ठीक आहे. तुझा बाप अजून मला माफ करायला तयार नाही. पोरगी दातांची डॉक्टर होणार होती, चार लोक दारात नमस्कार करत आले असते, आणि तू तिला भलत्या नादाला लावलंस, हे तो दर फोनला ऐकवतो. दादा आहे, ऐकून घ्यावं लागतं. वहिनीला अजून वाटतं की तिथे तुला बंदूक दिली आहे. मी तिला सांगितलं, बंदूक नाही, खुर्ची देतात, आणि तीही बहुधा डुगडुगणारी. त्यावर तिने खुर्ची बदलून घेता येते का, असं विचारलं. तिच्या काळजीला काही अंत नाही. पण मनातून दोघंही फुशारले आहेत, हे तुला म्हणून सांगते. शेजारणीला वहिनी म्हणाली की आमची मुलगी सरकारी कामात आहे, आणि पुढे काही बोलायची परवानगी नसल्यासारखा चेहरा करून घरात गेली.

तुला खरंच वाटतं तसं आमचं काम नाही, ठमे. हेर पकडणारे वेगळे. ते पाळत ठेवतात, दारं ठोठावतात, माणसाला समोर बसवून प्रश्न विचारतात. आम्ही न उघडणाऱ्या खिडकीच्या खोलीत बसतो, मोबाइल दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवतो आणि जुळवतो. कुणाला काय माहीत होतं, कधी माहीत झालं, तेव्हा तो कुठे होता, कुणाबरोबर होता. बहुतेक वेळा काहीच जुळत नाही. जुळलं तरी त्यातलं बरंचसं योगायोगाने जुळलेलं असतं. माणसं प्रवास करतात, उशिरा घरी जातात, बायकोला न सांगता फोन करतात, आणि त्यातल्या जवळजवळ कुणीही देश विकलेला नसतो. म्हणून आम्ही लिहिताना शब्द तोलून वापरतो. शक्य आहे, बहुधा, नक्की. प्रत्येकाचं वजन ठरलेलं आहे. माझी सगळी नोकरी हे शब्द तोलण्यात गेली, आणि मला त्याचा अभिमान होता.

तर झालं असं. एका संशोधन संस्थेतली माहिती बाहेर पोचत होती. कसली ते लिहीत नाही, तुझ्या उपयोगाचं नाही. तिथे ती माहिती हाताळणारी मूठभर माणसं होती. मी त्यांच्या प्रवासाच्या तारखा लावून पाहिल्या. त्यातल्या एका भाषांतरकाराच्या तारखा माहिती फुटल्याच्या काळाशी जुळत होत्या. विमानकंपनीच्या यादीनुसार तो तेव्हा परदेशातल्या एका बंदराच्या शहरात होता, आणि माहिती तिथूनच पुढे गेल्याचं कळलं होतं. मी लिहिलं की हा माणूस त्या सुमारास त्या बंदराच्या शहरात होता, संबंध असणं शक्य आहे, योगायोगही असू शकतो, तपासून पाहावं. बस, एवढंच वाक्य. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच ते खोडून काढलं, कारण खोदत गेल्यावर निघालं की त्या दिवशी बंदरावर दाट धुकं होतं आणि ते विमान तिथे उतरलंच नव्हतं. ते दुसऱ्या शहरात नेलं. कंपनीने यादी मात्र तशीच ठेवली. हा माणूस तिथून आगगाडीने थेट बहिणीच्या गावी गेला. तिचं मोठं ऑपरेशन होतं. इस्पितळात भेटायला येणाऱ्याला रोज सही करावी लागते, तिथे त्याच्या सह्या आहेत, परतीच्या दिवसापर्यंत. बंदराच्या शहरात त्याने पाऊलही टाकलेलं नाही. मी तशी दुरुस्ती पाठवली आणि दुसऱ्या नावांकडे वळले.

पण दुरुस्ती कोण वाचतं? तपासाचे जे प्रमुख आहेत त्यांना आम्ही पाठीमागे घाईसाहेब म्हणतो. त्यांनी माझं पहिलं टिपण आलं त्याच दिवशी एका मित्रदेशाच्या खात्याला विचारलं होतं की या माणसाबद्दल तुमच्याकडे काही आहे का, आणि विचारताना माझं वाक्य जोडून दिलं. योगायोगाचा भाग गाळला, कारण पत्र लांबत होतं म्हणे. त्या खात्याने आणखी कुणाला तरी विचारलं. काही दिवसांनी उत्तर आलं की आमच्या खात्रीच्या माणसाकडून कळतं, हा भाषांतरकार त्या सुमारास बंदराच्या शहरात होता आणि संशयास्पद आहे. घाईसाहेबांनी पुरावा क्रमांक दोन म्हणून ते लावून टाकलं. मग आपल्याच एका दुसऱ्या खात्याकडून तसंच पत्र आलं, त्यांना ते त्याच मित्रदेशाने दिलेलं. तोवर त्यात भर पडली होती. बंदराच्या शहरात त्याला एका परक्या माणसाबरोबर पाहिलं होतं! पाहिलं होतं, ठमे! जिथे तो गेलाच नाही तिथे! मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दोन्ही पत्रांत विमानकंपनीच्या यादीतली चूक जशीच्या तशी होती. ज्याने खरोखर त्या माणसावर नजर ठेवली असती, त्याला तो इस्पितळात दिसला असता. माझंच वाक्य गावभर फिरून, वाटेत कपडे बदलून माझ्याच टेबलावर आलं होतं आणि लोक त्याला तीन साक्षीदार म्हणत होते.

मी आधी आमच्या कक्षप्रमुखांकडे गेले. त्यांना आम्ही हो-हो म्हणतो, कारण ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, हो हो, अगदी बरोबर, असं म्हणाले, आणि लेखी कशाला देता, मी बोलतो, असंही म्हणाले. बोलले नाहीत. मग मी लेखी दिलं. नियमाने माझी हरकत त्यांच्याच सहीने वर जाते, दुसरी वाट नाही. त्यांनी ती घेतली, हो हो म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पुन्हा दिली, ती पहिलीच्या वर ठेवली. ड्रॉवर उघडताना मला दोन्ही दिसल्या. नकार दिला असता तर मला त्याविरुद्ध दाद मागता आली असती. हा माणूस नकारच देत नाही. अशा गोड माणसाशी भांडायचं कसं, ते तुमच्या केंद्रात शिकवत असतील तर कळव. शेवटी मी सरळ घाईसाहेबांना जिन्यात गाठलं. ते पायऱ्या उतरत होते, मी मागे धावत होते. ते म्हणाले, बाई, तीन जण एकच सांगतायत आणि तुम्ही एकट्या वेगळं सांगताय, आता तुम्हीच बघा. मी म्हटलं, साहेब, ते तिघं म्हणजे मीच आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

त्या भाषांतरकाराला मी ओळखते असं म्हणायला हवं, कारण त्याचं अर्धं आयुष्य मी वाचलं आहे. त्याने लग्न केलेलं नाही. वडील त्याच्याजवळ असतात, त्यांना नीट ऐकू येत नाही. तो ग्रंथालयातून तीच ती प्रवासवर्णनं आणतो आणि मुदत संपल्यावर परत करतो. आम्हाला मात्र त्याला भेटायची मनाई आहे. समोर दिसला की माणसाची कीव येते आणि जुळवणी बिघडते, असा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. पण मागच्या आठवड्यात मी कागद द्यायला दुसऱ्या मजल्यावर गेले, तर चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तोच बसलेला. फोटोपेक्षा बारीक झालाय. मला उभी पाहून त्याने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बसा ना, म्हणाला. मी बसले, कारण नाही म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं. मग तोच बोलायला लागला. आत किती वेळ लागतो हो, वडिलांना शेजाऱ्यांकडे बसवून आलोय, ते कावरेबावरे होतात. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणू शकले. तो म्हणाला, तुम्हालाही बोलावलंय का? मी मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, मलाच ठाऊक नाही. घरी येऊन रडले मी, आणि रडताना सुद्धा जास्त राग येत होता.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? चौकशीसाठी त्याला कामावरून घरी बसवल्यानंतरही माहिती बाहेर गेली. नवीकोरी माहिती, तो घरी बसल्यानंतर तयार झालेली. मी नाचतच वर गेले, म्हटलं आता तरी पटेल. घाईसाहेबांचं उत्तर तयार होतं, त्याचा कुणीतरी साथीदार असणार. म्हणजे माहिती जायची थांबली तरी तोच आणि नाही थांबली तरी तोच. आणि ज्याने हे केलंय तो रोज वेळेवर संस्थेत येतोय, लिफ्टमध्ये लोकांना नमस्कार करतोय आणि सुटल्याचा सुस्कारा टाकतोय. कधी कधी वाटतं आम्हाला त्याने पगारावर ठेवलंय. येत्या सोमवारी त्याच्यावर खटला भरायचा का ते ठरवणारी समिती बसते. तीन पुरावे तिच्यासमोर जातील, माझी दुरुस्ती जाणार नाही, आणि भाषांतरकार तुरुंगात जाईल. त्याच्या वडिलांना कोण मोठ्याने ओरडून सांगणार की मुलगा कुठे गेलाय?

म्हणून तुझी शाबासकी मला झोंबली. तुझी हुशारी मला माहीत आहे, लहानपणी पत्त्यांत माझ्या चेहऱ्यावरून पानं ओळखायचीस. पण तीन जण एकच सांगतात तेव्हा आधी विचारायचं की या तिघांना कुणी सांगितलं. बाईंना हे आवडणार नाही. विचार तरी.

आता खरं सांगते, हे पत्र मी कशासाठी लिहिलं. तुझ्या केंद्रात येणारं प्रत्येक पत्र फोडून वाचतात, हे तुला ठाऊक आहे. तुला कदाचित ठाऊक नसेल ते असं की पत्रात खात्याच्या कामाचा उल्लेख सापडला तर त्याची प्रत त्याच दिवशी महासंचालकांच्या दक्षता शाखेकडे नोंद करून पाठवावी लागते. मधे कक्षप्रमुख नाही, ड्रॉवर नाही, आणि ती प्रत फाडायचा अधिकार कुणालाही नाही. माझ्या ओळखीत वर जाणारी ही एकच वाट उरली आहे. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या साहेबांना किंवा बाईंना माझा नमस्कार. माझ्या दोन्ही टिपणांचे क्रमांक आणि इस्पितळाचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, सोमवारच्या आत कळवावं. माझी नोकरी जाईल, त्याचं मला फारसं काही नाही. पण ठमे, तुलाही खोलीत बोलावतील, आणि कदाचित ट्रंक भरून घरी पाठवतील. तू यासाठी किती झटलीस ते मी पाहिलं आहे. तुला विचारायला हवं होतं, आणि मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर तुला माहीत होतं असं ठरलं असतं. आता तुला शपथेवर सांगता येईल की आत्याने मला आधी काहीही कळू दिलं नाही, आणि ते खरं असेल. दादाला मी सांगेन, तू सांगू नकोस. माझ्यावर हवी तेवढी रागाव, हक्क आहे तुझा. खोलीत विचारतील ते मात्र जसं आहे तसं सांग, मला वाचवायला एकही शब्द इकडचा तिकडे करू नकोस.

तुझीच,
आत्या