म्हशीआडून नेम

कोल्हापूर, रंगपंचमी, १९७८. रात्र.

अंग अजून गुलाबी आहे आणि हसू काही थांबत नाही! आज अंगणात आम्ही घरचेच दोन संघ करून खेळलो. रंगात भिजवलेला चिंध्यांचा गोळा ज्याला लागेल तो बाद. सगळ्यांना बाद केलं कुणी? सासूबाईंनी! गोठ्यात म्हशीआड उभ्या राहून नेम धरत होत्या. म्हैस बिथरली तर पान्हा चोरते, मग तिकडे गोळा टाकणार कोण? शेवटी मी एकटी उरले आणि मला राहवलंच नाही. मारला! सासूबाई वाकल्या, गोळा थेट म्हशीच्या कपाळावर.

संध्याकाळी म्हशीनं दुधाचा थेंब दिला नाही. आता माझी खैर नाही, म्हणून चुलीपाशी जाऊन बसले. तर सासूबाईच कोरा चहा घेऊन आल्या. "पी की गं. दूध काय, उद्या बी मिळंल. इतकं कवा हासलोतो, मला आठवत न्हाय."

म्हशीचं ते गुलाबी कपाळ डोळ्यांपुढून हलत नाही. वेगळ्या बिऱ्हाडासाठी ह्यांच्यामागे मीच धोशा लावला होता ना? मघाशी ह्यांनी विचारलं, "उद्या ती खोली बघायला जायचं न्हवं?"

म्हटलं, "सासूबाईंना बाद केल्याशिवाय मी कुठं जात नाही."