किळसेच्या पाच इयत्ता

४ जानेवारी

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत. रोजनिशीसाठी नवी वही आणणं म्हणजे उधळपट्टी. इथेच लिहीन. वाचणारं कुणी नाही. हे तर पुढची पानंसुद्धा उघडत नाहीत.

सकाळी मोठ्या जाऊबाईंचा फोन. भाऊजींची बदली नक्की झाली. एक जूनपासून सासूबाई आमच्याकडे. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणातच आहेत, आणि सगळं अंथरुणातच. जाऊबाई म्हणाल्या, तुला जमेल ना गं? तू तर कुणी शिंकलं तरी खिडकी उघडतेस. मी म्हटलं, सेवा हीच देवाची पूजा. त्यावर त्या हसल्या. फोनवरसुद्धा त्यांच्या हसण्यात थुंकी ऐकू येते. शी.

५ जानेवारी

मूळ कारण एकदा लिहून टाकते, म्हणजे पोटात राहणार नाही.

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात बसमध्ये मला उलटी झाली. सासूबाईंनी ती ओंजळीत झेलली. बत्तीस वर्षं झाली. आलेल्या-गेलेल्याला त्या ही गोष्ट सांगतात. डॉक्टरांना सांगितली. एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितली. सांगताना ओंजळ करून दाखवतात, आणि मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी. तो माणूस चहा न घेताच गेला.

संकल्प: पाच महिन्यांत किळस मुळासकट उपटायची आणि सासूबाईंचं सगळं या हातांनी करायचं. केवळ सेवाभाव. त्यामुळे ती गोष्ट बंद पडली तर देवाची कृपा, माझा तसा हेतू नाही.

मॅट्रिकला मला त्रेसष्ट टक्के होते. अभ्यास कसा करावा हे मला कुणी शिकवू नये. पहिली इयत्ता मोरीची जाळी. दुसरी ह्यांचे सर्दीचे रुमाल. तिसरी जिन्याखालचा ओल्या कचऱ्याचा डबा. चौथी ह्यांची कवळी. पाचवी सासूबाई. महिन्याला एक इयत्ता. सबब चालणार नाही.

६ जानेवारी, सकाळी ७

पिवळे रबरी हातमोजे काल आणून ठेवले. एक जोडी. दुकानदार म्हणाला, मावशी, तीन जोड्या न्या, एक मोरीला, एक भांड्यांना, एक कचऱ्याला. मी म्हटलं, बाबा, हात मला दोनच आहेत.

प्रार्थना केली. जाते.

६ जानेवारी, ७.४०

जाळी उचलली. खाली केसांचा लगदा, वर साबणाचा बुळबुळीत थर. मेलेलं उंदराचं पिल्लू वाटावं तसा. त्यातले निम्मे केस माझेच असणार, पण हे लिहिताना हात जड होतो.

उलट्या दोन. पण जाळी उचलली हे महत्त्वाचं. लगदा ह्यांनी काढला. मोजे नाहीत, काठी नाही, सरळ दोन बोटांनी. आणि वर विचारलं, पाव कुठे ठेवलायस? मध्ये हात धुतले की नाही ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिसरी.

पहिली इयत्ता पास.

२२ जानेवारी

अंथरुणात ह्यांच्या पायाच्या नखाचा तुकडा सापडला. माझ्या उशीवर. विचारलं तर म्हणाले, अरे वा, कापताना उडालं होतं, तेच हे. जणू हरवलेलं माणूस भेटलं.

देवा, या माणसाबरोबर बत्तीस वर्षं काढली, ती कुठल्या इयत्तेत धरायची?

९ फेब्रुवारी

दुसरी इयत्ता. ह्यांना सर्दी झालीच, देव मदतीला असतो. हे रुमालात शिंकतात आणि मग रुमाल उघडून आत बघतात. काय सापडायचं असतं कोण जाणे. मग घडी करून खिशात.

सात रुमाल. गरम पाण्याच्या बादलीत टाकले आणि दोन दिवस काठीने ढवळले. काठीही मोजे घालूनच धरली. काठीने करणं म्हणजे लबाडी, असं मनात आलं होतं. पण काठी ही हाताचीच लांबी.

पास.

बादली आता वापरवत नाही. गच्चीत ठेवली आहे.

२० फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात. मोठ्या हॉस्पिटलात वीस वर्षं काढली आहेत. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, काकू, सोपं आहे. श्वास तोंडाने घ्यायचा, आणि नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायची. खाली बघायचंच नाही. माणूस दिसलं की बाकीचं दिसत नाही.

तोंडाने श्वास! म्हणजे वास चाखायचाच की! बाई अडाणी आहे. शिवाय हे सांगताना ती नाक खाजवत होती.

११ मार्च

तिसरी इयत्ता. जिन्याखालचा डबा रिकामा करून घासायचा, असं ठरलं होतं. झाकण उघडलं. आत अळ्या. पांढऱ्या, गुबगुबीत, अगदी सुखात. एक झाकणाला लटकली होती. झाकण हातून सुटलं आणि डबा माझ्यावरच लवंडला. उजवा मोजा पत्र्याला लागून फाटला.

तीन वेळा अंघोळ केली. अजून वास येतोय. हे म्हणतात, तुझ्या नाकातच बसलाय तो.

१२ मार्च

मोजा सायकलच्या ठिगळाने जोडला. चांगला टिकेल. दोन्ही मोजे धुऊन मोरीच्या नळावर वाळत घातले. एके काळी पिवळे होते.

डबा मात्र उन्हाळ्यात आंबतो, आणि आंबलेल्याशी झगडण्यात शहाणपण नाही. अभ्यासक्रमात बदल: डबा दुरून शांत चित्ताने पाहणे. पाहिला. पास.

१४ एप्रिल, सकाळी ८

चौथी इयत्ता. ह्यांची कवळी पेल्यात पडलेली असते. पाण्यात हसत असते. आजपासून ती मी धुणार. हे म्हणाले, अगं, माझी मी धुतो की. मी म्हटलं, मध्ये पडू नका, माझी तयारी चालली आहे. हे म्हणाले, कसली? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

१४ एप्रिल, ८.२०

मोज्यात कवळी धरली. गुळगुळीत. खालून गुलाबी. एका दातात कालचं काहीतरी. हात आपोआप झटकला गेला. कवळी संडासात.

ह्यांनी बाही वर केली, हात घातला, कवळी काढली, नळाखाली धरली, आणि

१४ एप्रिल, १०.००

वरचं वाक्य पूर्ण करवत नाही. मी किंचाळले तेव्हा हे म्हणाले, अगं, साबण लावलाय की. दोनदा लावलाय.

आठ दिवस मी वेगळ्या खोलीत जेवणार आहे.

कवळी धरली होती हे खरं. सुटली ती नंतर. पास.

१८ मे

जाऊबाईंचा फोन. म्हणाल्या, बेडपॅन आधी कोमट पाण्याने धुऊन घे, थंड लागला की त्या ओरडतात. कूस दर दोन तासांनी बदल. आणि बरं का, सासूबाई तुझ्याकडे यायला घाबरल्यात. म्हणतात, ती मला चिमट्याने उचलेल.

मला हसू आलं. चार इयत्ता ओळीने पास झालेली बाई मी! जाऊबाईंनी एक तरी परीक्षा दिली आहे का? आठ महिने नुसतं करताहेत.

१ जून

सासूबाई आल्या. ॲम्ब्युलन्समधून उतरवेपर्यंत ड्रायव्हरला बसची गोष्ट सांगून झाली होती. ओंजळ करून दाखवली. पूर्वी ती घट्ट व्हायची. आता हात थरथरतात आणि बोटांमध्ये फटी राहतात.

मला बघून म्हणाल्या, आलीस? ये. तुझ्यावर भार झाले गं. मी म्हटलं, असं काय म्हणता, पाच महिने झाले, वाट बघत्येय. हे अगदी खरं होतं.

त्यांच्या अंगाला जुन्या ओल्या गोधडीचा वास येतो. मी खिडकी उघडली नाही. नोंद घ्यावी.

आज जाऊबाई होत्या, सगळं त्यांनीच केलं. संध्याकाळी गेल्या. उद्यापासून मी.

२ जून, सकाळी ६.३०

पाचवी इयत्ता. देवासमोर डोकं टेकलं. जुना रेनकोट, नाकाला अत्तराचा रुमाल, हातात मोजे. बेडपॅन कोमट पाण्याने धुतला. मन स्थिर. जाते.

२ जून, ९.००

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, पाऊस पडतोय का घरात? मग मोज्यांकडे बोट. हे काय गं? कसले डाग आहेत? खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय आपल्यासाठी सुनेने केवढे कष्ट घेतले हे त्यांना कळावं, असंही वाटलं. मी सगळं क्रमाने सांगितलं. मोरीची जाळी. रुमाल. अळ्या. अळ्यांपाशी त्या म्हणाल्या, पुरे. पण मधेच सोडणं बरं नव्हे, म्हणून कवळी कुठे पडली तेही सांगितलं. आणि त्यांना आधार द्यायला मोजा त्यांच्या खांद्यावर ठेवला.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. गाल फुगले.

मला लगेच कळलं. माझ्याइतकं हे कुणाला कळणार! दोन्ही हात त्यांच्यासमोर होते. नुसती ओंजळ करायची होती. पाच महिने त्याचीच तयारी होती.

पुढची आठवण दाराच्या मागची आहे.

हे हातातला पाव टाकून धावले. ओंजळ धरली. नुसत्या हातांनी. सगळं त्यात घेतलं आणि आईच्या तोंडाकडे बघत म्हणत राहिले, झालं हं आई, झालं, होऊन जाऊ दे. सासूबाई लहान मुलीसारख्या रडत होत्या. मी दाराच्या फटीतून पाहिलं.

चादर कोरडी राहिली.

३ जून

सासूबाईंनी निरोप दिला. तोंडावर नाही, ह्यांच्याकरवी. म्हणाल्या, तिला म्हणावं रागावू नकोस, पण तू मला हात लावू नकोस. मला किळस येते.

त्यांना. माझी.

बेडपॅन, कूस, अंग पुसणं, सगळं आता हे करतात. मधूनमधून शीळ घालतात. माझ्याकडे चहा.

११ जून

आज मीटर बघायला माणूस आला. नवा होता, तरुण. सासूबाईंनी आतून हाक मारली, ये रे बाळा, बस. आता गोष्टी दोन झाल्या आहेत. पहिली बसची, दुसरी ह्यांची. दोन्हींत मी आहे. दुसऱ्या गोष्टीत सासूबाई ओंजळ करून दाखवत नाहीत. दाराच्या मागे बोट दाखवतात.

मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते.

१२ जून

खचून जाण्याचं कारण नाही. पाया कच्चा राहिला, एवढंच. मोजे अजून चांगले आहेत. धुऊन नळावर घातले आहेत. उद्यापासून पुन्हा पहिल्या इयत्तेपासून, या वेळी काठीशिवाय.

मोरी आजच तुंबली आहे. ह्यांना सांगितलं.