भिंतीपासून दाराकडे

माय, परवा मला जमिनीखाली एका बाईचा हात दिसला. नांदेडला गोदावरीच्या काठी, जुन्या काळी नावा लागायच्या त्या जागी आम्ही उत्खनन करतो आहोत. पुरुषभर गाळाखाली एका घराची सारवलेली जमीन निघाली, काही शतकांपूर्वीची. तिच्यावर चार बोटांचे वळलेले फराटे, जसेच्या तसे. पायाखाली ते चार दिवसही टिकत नाहीत. म्हणजे ती सारवून उठली, जमीन वाळली, आणि कुणी पाऊल टाकायच्या आत नदी घरात आली. मी ब्रश खाली ठेवला. बराच वेळ हात लावायची हिंमत झाली नाही.

धरणाचं पाणी सुटणार होतं. दोन दिवसांत खड्डा बुजवायचा होता. एकच बाजू खोदता येणार होती, आणि घराचं दार सापडलं नव्हतं. ते नदीकडे निघालं तरच घराचा नावांशी संबंध लागणार होता. "दार गावाकडंच असणार," उत्खननाचे प्रमुख साहेब म्हणाले, "उत्तरेला घ्या."

मी गुडघ्यांवर बसले. हदगावचं आपलं स्वयंपाकघर. मी सात वर्षांची आहे. तू पाण्याला गेली आहेस आणि मी दारापासून सारवत सुटले आहे. तू येतेस तेव्हा मी चुलीमागच्या कोपऱ्यात, समोर सगळी ओली जमीन. "लई शहाणी! आता कशी येतीस, उडून?" तू उंबऱ्यावर बसून हसतेस. "बस आता वाळस्तोवर. पाय उमटला तर बघ. अगं, भिंतीपासून धरायचं न् मागं सरत दाराला यायचं." दुपारी भाकरीही तू लांबूनच फेकलीस.

खड्ड्यातला नदीकडचा प्रत्येक फराटा त्याच्या उत्तरेकडच्या फराट्यावर चढलेला होता. ती उत्तरेच्या भिंतीपासून मागं सरत आली होती, पाण्याच्या दिशेनं.

"साहेब, दार नदीकडं हाय," मी म्हणाले. घाईत आपली बोली तोंडात आली.

दुसऱ्या दिवशी झिजलेला उंबरा लागला. त्याच्यापुढे खाली उतरणाऱ्या तीन पायऱ्या आणि नाव बांधायचा भोकाचा दगड. माती उपसणाऱ्या मावशी पाटी तशीच धरून उभ्या राहिल्या. "अगं बाई, हिच्या तर दारातच नाव लागत होती!"

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "हे सारवण्याचं कुठं वाचलंत?"

"एका पुस्तकात," मी म्हणाले.

त्यांना अहवालासाठी त्याचं नाव हवं आहे. ते लिहायला म्हणून उत्खननाच्या वहीचं हे पान उघडलं होतं. उद्या वही त्यांच्याकडे द्यायची आहे. त्याआधी हे पान मी फाडून घेईन.