बॅग म्हणजे एकर

२७ मे
आज माझ्या आवाजात मी कधीच न बोललेलं वाक्य ऐकलं. "पेरणीची घाई करू नका, जमिनीत पुरेशी ओल होऊ द्या." मी हे वाचलेलंच नाही! उन्हाळाभर इथे नांदेडच्या संशोधन केंद्रात, काचेच्या खोलीत बसून जी वाक्यं वाचली, त्यांचे तुकडे जोडून यंत्रानं हे नवं वाक्य तयार केलं. आता शेतकऱ्यानं नंबर लावायचा, आपल्या बोलीत विचारायचं, उत्तर माझ्या आवाजात मिळणार. शिवशंकर सर – आमचे प्रकल्पप्रमुख – भलतेच खूश. मीही हसले. पण अंगावर काटा आला तो आलाच. मी इकडे भाजी निवडत असताना माझा आवाज कुठं काय सांगत बसेल, कुणास ठाऊक.

२ जून
यंत्राला आपली बोली शिकवायचं काम माझं. ते शिकून आलंय पुण्याकडून! शेतकरी म्हणाला, "यंदा चार बॅगा सोयाबीन हाय," तर हे बापडं घरातली पोती मोजायला लागलं. आपल्याकडे एकराला एक बॅग बियाणं, म्हणून चार बॅगा म्हणजे चार एकर – हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. बॅग म्हणजे एकर. पक्कं करून टाकलं. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, निलंग्याकडची आहे म्हणून कळलं हो! दिवसभर हवेत होते.

५ जून
लोक यंत्राशी काय काय बोलतात! खताचं विचारून झालं की बायका म्हणतात, "बरं बाई, जेवलीस का?" यंत्र म्हणतं, प्रश्न समजला नाही. सरांना ते फार कोरडं वाटलं. आज माझ्याकडून उत्तर म्हणवून घेतलं – हो, जेवले. तुम्ही जेवलात का? म्हणताना जीभ अडखळली. कुणाला तरी फसवतेय असं वाटलं. सर म्हणाले, एवढं काय त्यात.

८ जून
आईचा फोन. "काल फोन लई लवकर ठिवलीस."
काल मी फोन केलेलाच नाही!
ग्रामपंचायतीत चिकटवलेला आमचा नंबर शेजारच्या मलप्पानं त्याच्या मोबाइलवरून लावून दिला होता. आई माझ्याशीच बोलतेय समजून खुशाली विचारत बसली. वर माझ्यावरच रुसली – नांदेडला राहून आईला "तुम्ही" म्हणायला लागलीस व्हय? मी परोपरीनं समजावलं, आई, ती मी नव्हते, मशीन होती.
"मशीन कशाला म्हनल, जेवले म्हनून?"
खरं सांगते, घाबरले. जन्म दिलेल्या बाईला फरक कळू नये!

१० जून
ओल चांगली झालीय. पेरण्यांची घाई, फोनची रीघ. ती थकत नाही. मी तिला "ती" कधीपासून म्हणायला लागले?

१३ जून
लोकांचं बोलणं यंत्र आपोआप लिहून ठेवतं, ते वाचत होते. एक बाई विचारते – दोन बॅगांना कोणतं औषध लावू, किती लावू? उत्तर – दोन एकरांसाठी अमुक औषध, इतकं.
लावू! आपल्याकडे पिकावर औषध मारतात. लावतात ते बियाण्याला. ती खऱ्याखुऱ्या बॅगांमधल्या बियाण्याचं विचारत होती. पेरणीच्या तोंडावर दुसरं काय विचारणार? आणि मी शिकवलेल्या त्या शहाणीनं तिला फवारणीचं जहर सांगितलं. भरपूर पाण्यात मिसळून मारायचं ते. माझ्या आवाजात!
बियाण्याला औषध चोळतात कोण? बायका. ताडपत्रीवर बसून, उघड्या हातांनी.
असे आणखी प्रश्न सापडले. सरांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, बोभाटा नको, तेवढा शब्द दुरुस्त कर. मी म्हटलं, आत्ता लाइन बंद करा, नाहीतर मी बाहेर जाऊन ओरडते. बंद केली.

१४ जून
सकाळपासून एकेकाला फोन. कुणी झापलं. बहुतेकांचं बियाणं अजून तसंच आहे – प्रत्येक वेळी जीव भांड्यात पडतो. पण सगळे म्हणतात, बाई, तुम्हीच तर सांगितलं होतं! आता कुणाकुणाला पटवू?
एकच नंबर लागत नाही. त्या दोन बॅगावाल्या बाईचा. म्हणून तिचं बोलणं शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली यंत्रानं लिहिलंय – "दिवे जेवलीस का".
दिवे?
दिपे! मला दिपे म्हणणारी जगात एकच. नंबर मलप्पाच्या मोबाइलचा असणार. आणि पुढे उत्तर – हो, जेवले. तुम्ही जेवलात का?
आईचा फोन नुसता वाजतोय. देवा, तिनं बियाण्याला हात लावलेला नसू दे.

१५ जून
एसटीत आहे, अक्षर वाकडं येतंय. मलप्पाचा फोन आला. आई बियाणं चोळता चोळता तिथंच कलंडली. लाळ, घाम, उलट्या. निलंग्याच्या दवाखान्यात नेलंय. मलप्पाचा आवाज रडवेला.
"म्या म्हनलो, काकू, हातात पिशव्या तरी बांधा. तर म्हनल्या, माझी दिपी वंगाळ सांगल का?"
गाडी प्रत्येक फाट्यावर थांबतेय. मला फार भीती वाटतेय.

१६ जून
आई शुद्धीवर आली. जिवाचं भय नाही म्हणतात. इंजेक्शनांमुळं डोळ्यांना धूसर दिसतंय तिला. मी हात धरला, कानाशी वाकून म्हटलं – आई, मी आले गं. दिपी.
तिनं हात काढून घेतला.
"कोनती?"