नऊ सेकंदांतली एकतीस वर्षं

दूधविनायक, वाराणसी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय निवेदिता,

तुम्ही सगळे बरे असाल. शाळेत एक शब्द चुकला की सिस्टर अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. गच्चीवर तू माझं पान धरून बसायचीस आणि शेवटच्या ओळीला मुद्दाम हसवायचीस. की झालं, पुन्हा पहिल्यापासून.

माझा ‘आर’ या संगणकभाषेतला प्रोग्राम पाहून तू तेच म्हणालीस. “ताई, एक नवी ओळ जोडायला तू दर वेळी आधीचा सगळा तक्ता उतरवून काढतेस. जागा आधीच करून ठेव, नाहीतर अख्खा रकाना एकदम घे.” मी फोन ठेवला. मग तू स्वतः लिहिलेला प्रोग्राम पाठवलास, तरी चार महिने तुझा फोन घेतला नाही.

इथे नुसता वैताग आहे. आमच्या नीलकंठांनी एकतीस वर्षं मुन्शी घाटावर, दिवसातून तीनदा, किती पायऱ्या पाण्याखाली आहेत ते मोजलं. तो सगळा हिशेब माझ्या जुन्या लॅपटॉपवर साडेतीन तास चालतो. हल्ली तिसऱ्या तासाला लाइट जाते, आणि बॅटरी तर केव्हाच मेली आहे. गल्लीतल्या शार्दूलचा पुरांवरचा प्रबंध या आकड्यांवाचून अडलाय. उद्या मुदत संपते.

काल म्हणाला, “मावशी, बिजली फिर गई. अब फिर सन सत्तासी से? निवेदितामावशीवाला चलाइए ना.”

“ते चुकतं.”

“कुठे चुकतं?”

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

चुकत नाही गं. तू पाठवलास त्याच दिवशी मी चालवून पाहिला होता. नऊ सेकंद लागले. उत्तरं शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. मी त्या पोराशी खोटं बोलले, तेही तुझ्या नावावर.

माझा प्रोग्राम एकेक तारीख पडद्यावर दाखवत पुढे जातो. मी समोर भाजी निवडत बसते. मला आपली बकुळ झाली तो दिवस येतो. त्या दिवशीही या माणसाने तीन नोंदी केल्यात, अजून राग येतो. शेवटच्या तारखेला फक्त सकाळची नोंद आहे. तिथवर पोचायला मला साडेतीन तास मिळतात. तुझ्या प्रोग्रामात मी चष्मा पुसेपर्यंत नीलकंठ संपले होते.

असो. तुझा प्रोग्राम आज सकाळी शार्दूलला दिला, आणि खरं काय तेही सांगितलं. प्रबंधात आभार तुझे मानायचे, माझे नाहीत. घाटाच्या वह्या बकुळला द्यायच्या, ती उन्हाळ्यात येईल तेव्हा. माझा संथ प्रोग्राम तुला पाठवते आहे. तो सुधारू नकोस.

तुझी,
ताई