बरं म्हणजे होकार नव्हे

३ तारीख
आले एकदाची! औषध-चाचणीच्या दवाखान्यात नोकरी, राहायला वरच्याच मजल्यावर खोली, खिडकीत भरपूर ऊन. काम माझ्या बडबड्या स्वभावाला साजेसं. नवं औषध द्यायच्या आधी माणसांना संमतीचा कागद वाचून दाखवायचा, धोके समजावायचे, मग सही. मोठे डॉक्टर वडिलांच्या मायेनं बोलले. नव्या माणसाला जपायला हवं म्हणत दंडात ताकदीचं इंजेक्शनही दिलं. मी "बरं" म्हटलं. वडीलधाऱ्यांना दुसरं काय म्हणणार?

५ तारीख
शिलाईवाल्या मावशींना नऊ पानं वाचून दाखवली. पानागणिक त्या "बरं" म्हणायच्या. औषध घेणार का विचारलं, तर म्हणाल्या, थोरले दीर सांगतील तसं. बरं म्हणजे "ऐकलं", एवढं शेंबडं पोरही सांगेल. सिस्टरनं मात्र रकान्यात "होकार" लिहिलं. मी खोडलं. ती हसून म्हणाली, नव्याचे नऊ दिवस.

८ तारीख
मी खोडलेला होकार पुन्हा लिहून मावशींना परवाच डोस दिलाय! तडक त्यांच्याकडे गेले. म्हटलं, नको असेल तर नको म्हणा, दीर काय गिळणारेत का? त्यांनी तोंड उघडलं. "न"पर्यंत आल्या, जीभ टाळ्याला चिकटली, डोळे भरले आणि बाहेर पडलं "बरं". वॉर्डातल्या अकराही जणांचं तेच. दुखतंय का? बरं. घरी जायचंय? बरं. मला भीती वाटली. त्याहून जास्त संताप आला.

९ तारीख
कागदांचं कपाट उघडलं. औषधाचा गुण लिहिलाय: "रुग्ण नकार देत नाही." सर्वांत वरचा कागद माझा. पहिला डोस, ३ तारीख. रकान्यात माझंच "बरं", पुढे "होकार". दुसरा डोस नवव्या दिवशी.

१० तारीख
दार बाहेरून बंद. दादाला फोन केला. डॉक्टर त्याच्याशी आधीच बोललेत. म्हणाला, मोठी माणसं आहेत, त्यांच्या ऐकण्यात राहा. नाही म्हणायला गेले —
"बरं" म्हणाले. मी. दादाला.

११ तारीख
आज नववा दिवस. तोंड गेलं. हात आहे ना!
कपाटातले कागद परवाच खोलीत आणून ठेवलेत. बाराही कागदांवर आडवं, ठळक लिहिलं — नाही. खिडकीतून खाली सोडले. रस्त्यावर लोक उचलतायत — वाचतायत —
कडी वाजली. डॉक्टर. सिरिंज. मायेनं विचारतायत, देऊ ना?
तोंड म्हणालं. म्हणू दे. माझ्या तोंडावर जाऊ नका, हे वाचा, हे मी लिहिलंय —
नाही. नाही. ना