फाटकावर लावायच्या कागदाबद्दल

मी, अस्पारुह दिमोव्ह वेल्चेव्ह, वय चौऱ्याहत्तर, राहणार गोर्नो ब्रेस्तोवो, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि एक थेंबही न घेता, हे माझ्या हाताने लिहितो. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी स्वतःची फार स्तुती केली होती.

१. घर, अंगणातली द्राक्षवेल आणि कोठीतली पिंपं माझी मुलगी रायना हिला. पश्चिमेकडचं छप्पर गळतं. पाच वेळा सरपंच होतो, गावाची छपरं शाकारली, स्वतःचं राहिलं.

२. दगडाच्या छिन्न्या गवंडी स्टोइलला. दारू गाळायची तांब्याची भट्टी शेजारच्या मिन्चोला. मी त्याची दारू गाळायची पाळी चोरली असं तो वीस वर्षं सांगत फिरतोय. चोरली होती. आता त्याने गाळावी आणि गप्प बसावं.

३. माणूस गेला की फाटकावर, बसथांब्यावर फोटोचा कागद लागतो. गेल्या हिवाळ्यात मी इस्पितळात होतो, तेव्हाच वाचनालयाच्या त्सोंकाने माझा टाइप करून ठेवला आणि बरा झाल्यावर मलाच दाखवला: प्रेमळ पती, वात्सल्यमूर्ती पिता, गावाचा आधारस्तंभ. वर विचारते, "काका, फोटो टोपीतला लावू की बिनटोपीचा?" बिचारीचा हेतू चांगला होता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कागद लावू नये. कारण खाली देतो.

१९६७ च्या ऑक्टोबरात धरणाच्या बोगद्यात सुरुंग उडवायचे होते. मी मुकादम होतो. बाहेर बटणापाशी लोथार नावाचा जर्मन इंजिनियर. त्याला आमची भाषा येत नव्हती. सगळे बाहेर आले का, असं त्याने खुणेने विचारलं. मी मान वर-खाली केली. माणसं मोजली नव्हती. थंडी होती, घरी जायची घाई होती. माझा जिवलग मित्र किरिल यांकोव्ह विसरलेलं जाकीट आणायला आत गेला होता. तो बाहेर आलाच नाही.

चौकशीत मी म्हणालो, आमच्याकडे मान वर-खाली म्हणजे नाही; मी नाहीच म्हणत होतो, परक्याला कळलं नाही. सगळ्यांनी दुजोरा दिला, कारण आमची रीत खरंच तशी आहे. पण त्याआधी दोन वर्षं मी जर्मनीत कारखान्यात होतो. जर्मनासमोर त्यांच्यासारखी मान हलवायची सवय मला लागली होती. त्या दिवशी मी 'हो' म्हणालो होतो.

लोथारला कामावरून काढून परत धाडलं. बसमध्ये चढताना तो त्याच्या भाषेत एवढंच म्हणाला, "आमची मान तुला येते." बाकीच्यांना वाटलं, निरोप घेतोय. मीही चारचौघांसारखा त्याचा हात हातात घेतला. त्या हाताची आजही लाज वाटते.

पुढल्या वर्षी मी किरिलच्या बायकोशी, नेद्याल्काशी, लग्न केलं. लोक म्हणाले, काय मनाचा मोठा माणूस! मी ऐकून घेतलं. त्याच मोठेपणावर पुढे निवडून येत राहिलो. किरिलची मुलगी रायना तेव्हा चार वर्षांची होती. तिला जीव लावला, हे खोटं नाही. पण ते प्रेम कुणाच्या जागेवर बसून केलं, ते मला रोज ठाऊक होतं.

४. फाटकावर एवढंच लिहावं: 'अस्पारुह वेल्चेव्ह वारला. आत माणूस असताना सगळे बाहेर आहेत असं त्याने सांगितलं आणि दोष दुसऱ्यावर ढकलला.' आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी कागद पुन्हा लावतात, तेव्हाही हाच लावावा. फोटो नको.

५. शाळेत घालताना रायनाच्या नावापुढचं किरिलचं नाव काढून मी माझं लावलं. तिला हवं असेल तर तिने ते बदलावं. माझी हरकत नाही. हरकत घ्यायचा मला हक्कच नाही.

हे सगळं मी गेल्यावर कळावं असा बेत होता. तोही भेकडपणाच. म्हणून आज तिला बोलावून वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं.

"बाबा, आईने कधी विचारलं होतं?"

"एकदा."

"काय सांगितलंत?"

"चौकशीत सांगितलं तेच."

तिने कागद माझ्यासमोर ठेवला. मग पेन मागितलं.

गोर्नो ब्रेस्तोवो, ९ नोव्हेंबर २०१२
सही: अस्पारुह दिमोव्ह वेल्चेव्ह
साक्षीदार: स्टोइल गेनोव्ह, गवंडी, त्सोंका मारिनोव्हा, वाचनालय

वाचलं.
रायना किरिलोव्हा यांकोव्हा